चौकटीवरचं गेरूचं बोट

आदिलाबादच्या दवाखान्यात कमलवहिनींना मी शेवटचं पाहिलं, तेव्हा हाताला सलाईन होतं आणि जीव मात्र गल्लीत अडकलेला. "भाऊजी, माही शुक्रवारची फेरी चुकली. जरा लोकायच्या टाक्या पाहून घ्या. तुमच्या घरचं तं मले ठाव हाय..." मी मान हलवली. दोन दिवसांनी त्या गेल्या. डेंग्यूने.

बाजारहत्नूरजवळच्या आमच्या गावात त्या आशा कार्यकर्ती होत्या, आणि आमच्या शेजारीण. नळाला चौथ्या दिवशी पाणी, म्हणून घरोघरी टाक्या, रांजण, ड्रम. दर शुक्रवारी वहिनी साचलेलं पाणी ओतायला लावायच्या, टाकी घासून घ्यायच्या आणि चौकटीवर गेरूत बुडवलेलं बोट ओढायच्या. घर तपासल्याची ती खूण. बायका चिडवायच्या, "आली वं पानी सांडनारी!" त्या म्हणायच्या, "सांडतो न बाई, पन डास पोसत नाई."

वहिनींच्या शेवटच्या फेरीच्या शुक्रवारी माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तीन दिवसांवर आलं होतं. पाहुण्यांसाठी मागची टाकी दोन आठवड्यांपासून भरून ठेवलेली. वर फळ्या टाकून मी कडबा रचला होता.

"काऊन भाऊजी, मांगची टाकी?"

"रिकामीच हाय वहिनी. कवाच घासली."

त्या मागे जायला वळल्या, मग थांबून हसल्या. "मास्तराच्या घरी का पाहाचं? पोरायले तुमीच तं शिकवता." आणि त्यांनी चौकटीवर बोट ओढलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं...

डास कुठल्या पाण्यातला, हे कुणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. खरंही असेल. पण वहिनींचा दहावा आटोपून आल्यावर मी कडबा उचलला. तळाशी उरलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्या टाकीपासून वहिनींची खाट एका कुडापलीकडे. दवाखान्यात तरी मला खरं सांगता आलं असतं. त्या रागावल्या असत्या, कुणाला तरी पाठवून टाकी ओतायला लावली असती. तेवढंही मी होऊ दिलं नाही.

आता दर शुक्रवारी मी टाकी घासतो. परवा लग्नासाठी घर रंगवायला आलेल्या माणसाने विचारलं, "सार, हे पुसू का?" मी नको म्हटलं. गल्लीतल्या प्रत्येक दारावर वहिनींचं बोट आहे. त्यातलं आमच्या दारावरचं तेवढं खोटं, आणि ते त्यांनी माझ्या शब्दावर ओढलेलं.