शॉकअपमधली हवा

डोंगरावर चालवायच्या माझ्या सायकलच्या मागच्या शॉकअपमध्ये हवा असते. खडकांवरचे दणके तीच सोसते. त्या हवेचा व्हॉल्व्ह तुटला होता. घरी मी पक्कड लावून तो पिळला आणि उरलासुरला तुकडाही खरवडून ठेवला. शेवटी शिंदेकाकांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

काकांनी पक्कड उचललीच नाही. "आत हवा आहे अजून," ते म्हणाले. "आत्ता फिरवला तर थेट डोळ्यात उडेल. आधी रिकामा होऊ दे त्याला."

त्यांनी दाभणाच्या टोकाने आतली पिन दाबून धरली. बारीक फुसफुस सुरू झाली. मी स्टुलावर बसलो. वडिलांचं आजारपण आणि ऑफिस यांच्या धावपळीत असं नुसतं बसून कितीतरी महिने झाले होते. आवाज थांबला तसा मी उठलो.

"बसा," काका म्हणाले. त्यांनी सीटवर भार देऊन सायकल एकदा खाली दाबली. पुन्हा थोडी हवा सुटली. मग अडकलेला तो तुकडा पकडीने हलकेच एकदा फिरवताच निघाला. घरी मी त्याच्याशी किती झटापट केली होती!

"दमलास का रे?" घरी आल्यावर बायकोने विचारलं. ती रोज विचारते आणि मी रोज "छे!" म्हणतो.

"हो," मी म्हणालो आणि बूट न काढताच पायरीवर बसलो. ती शेजारी बसली. बऱ्याच वेळाने, बाबांच्या औषधाची वेळ झाली म्हणून मी उठू लागलो, तर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मी देते. तू बस अजून."