जिप्सीखालची बकरी

मामाच्या गॅरेजात भंगार साठतं तसेच किस्से साठतात. भंगार निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून मीच काढतो बाहेर.

दहावीला गणितात दोनदा उडालो, तेव्हा आईनं मला सुरतला, उधन्याला भीकामामाकडं पाठवलं. तिथं तरी सुधरशील म्हणून! मामाचं काम कमानींचं. टेम्पो-ट्रकच्या चाकावर ते पोलादी पाटे असतात ना, वजनानं चपटे होतात, त्यांना ठोकून परत बाक द्यायचा. दारावर बोर्ड आहे: 'भीका कमानवाला. कमान बसली तर काम फुकट.' अक्षरं माझी. मामा त्या ओळीला अगरबत्ती ओवाळतो.

तर एक दिवस पलसाण्याचा जयेशशेठ आला. साड्या रंगवायचं डाइंग हाउस, वय पंचवीस, खाली नवीकोरी जिप्सी. म्हणाला, हिला उंच करा, मोठे टायर मुंबईहून मागवलेत. मामानं जन्मात जिप्सी उचलली नव्हती. ते शेजारच्या पंक्चरवाल्या युसूफचाचाला माहीत होतं. चाचा आपल्या बकरीला पाला घालत म्हणाला, "भीका, टेम्पो अलग, ये अलग. मेरी बकरी गर्दन सीधी रखके इसके नीचेसे निकल जाये, तो मानूं."

शहाणा माणूस हसला असता, चहा मागवला असता. मामा म्हणाला, "आठ दिवसांत. नाही गेली तर बोर्डावरची ती ओळ पुसून टाकेन."

शेठ खूश. मी त्याहून खूश, कारण जिप्सीत कॅसेटचा टेप होता आणि चावी आमच्या खिळ्याला लटकणार होती.

*

पहिले दोन दिवस मामानं कमानीत एकेक पाटा वाढवला, लांब शॉकअप टाकले. मग टायर आले. शेठच्या माणसांनी चढवले. स्टीअरिंग फिरवलं तर टायर मडगार्डला घासायला लागले.

मामानं खडूनं मडगार्डवर रेघ मारली आणि छिन्नी घेतली. शेठ म्हणाला, नवी गाडी आहे, भीकाभाई. मामा म्हणाला, कपडा नवा असतो तरी शिंपी कापतोच. शेठनं तोंड भिंतीकडं फिरवलं. प्रत्येक घावाला तोच कण्हत होता. चौथं मडगार्ड झाल्यावर वळला, म्हणाला, "आ गाडी छे के ऊंट?"

*

तिसऱ्या दिवशी बकरीची पहिली परीक्षा. शेठनं गाडीला झेंडूचा हार घातला होता. बकरीनं आधी हार खाल्ला. मग दोन चाकांच्या मधून खाली शिरली आणि शिंगं टक्कन चॅसीला लागली. दोन बोटं कमी!

मामा चक्रावला. आदल्या संध्याकाळी त्यानं सळईनं जमिनीपासून मोजून खूण केली होती. संध्याकाळी बरोबर, सकाळी दोन बोटं खाली. म्हणजे कमान बसली? भीकाची कमान? मामानं आणखी एक पाटा वाढवला.

पाचव्या दिवशी तेच. परत पाटा, परत दोन बोटं.

आता टायरकडं कोणी बघितलं का? नाही. आमच्या गल्लीचा नियमच आहे: कमानवाला टायरला हात लावत नाही आणि पंक्चरवाला कमानीकडं बघत नाही. चाचा तर शर्त लागल्यापासून जिप्सीपासून दहा हात लांब राहायचा, उद्या कोणी खोडी काढली म्हणायला नको. टायरची पोटं सुटलेली दिसायची, पण सगळे म्हणायचे, मुंबईचा माल आहे, असाच असेल.

*

मग सल्ले सुरू झाले. कापडाच्या लूमवरून पाळी सुटली की आपली खानदेशची मंडळी गॅरेजासमोर थांबायची. एक म्हणाला पोलाद खोटं आहे. दुसरा म्हणाला सुरतेची हवा दमट, इथं माणूसही बसतो, कमानीचं काय! मामी डबा घेऊन आली, गाडी बघितली, मामाला बघितलं. म्हणाली, "तुमना हातले नजर लागनी शे."

तिनं बंपरला लिंबू-मिरची बांधली. मिरची बकरीनं खाल्ली.

*

सहाव्या दिवशी शेठ आपल्या आईला, बाला, गाडी दाखवायला घेऊन आला. दोघांनी हात धरून बाला वर बसवलं. बसली छान, उतरायला जमेना. पाय जमिनीकडं जायचा आणि अर्ध्यातून परत यायचा.

शेठनं मागून साड्यांचे तागे काढले आणि खाली पायऱ्या रचल्या. बानं पाय वर घेतला. "माल पर पग न मुकाय!" ज्या कापडावर घर चालतं त्यावर पाय द्यायचा नाही, खलास. मग बा तिथंच बसली. वरूनच चहा प्यायली, वरूनच मामीकडून भाकरीची रीत शिकली. शेवटी मामानं ऐरण लाकडाच्या ठोकळ्यासकट ओढत आणली, बानं आधी ऐरणीला नमस्कार केला आणि मग उतरली.

*

आठवा दिवस. शेठ, चाचा, मामी, लूमवाले, सगळे हजर. बकरी खाली शिरली. टक्क.

कोणी हसलं नाही. चाचासुद्धा नाही. तो म्हणाला, जाने दे भीका, मजाक था. मामानं मान हलवली. शेठला म्हणाला, दुसरीकडं ने, माझ्या हातात आता राहिलं नाही. गॅरेजच्या वीस वर्षांत हे वाक्य मी काय, मामीनंही ऐकलं नव्हतं.

मग त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हातात दिला.

"तूच लिहिलं होतं ना? तूच पूस."

मी स्टुलावर चढलो. ब्रश बुडवला. 'कमान'च्या 'क'जवळ नेला. खाली बघितलं तर मामा बोर्डाकडं बघतच नव्हता, स्वतःचे तळवे उलटेपालटे करून बघत होता.

मी उतरलो. कानावर खोचलेली आगकाडी काढून जिप्सीच्या बॉनेटवर ठेवली.

"मामा, कमान नाही बसली. सकाळी सातला शटर उघडलं की टेप लावायचो आणि या काडीनं चारही टायरची थोडी थोडी हवा काढायचो. बकरी पास झाली असती तर शेठ जिप्सी घेऊन गेला असता."

मामानं काडी उचलली, निरखून बघितली.

"रोज?"

"नाही मामा. रविवारी सुट्टी घेतली."