केस कोराडीत खराब

माझ्या केसांचा प्रकार कोणता, हे ठरवायला आयुष्यात एकदाच बैठक बसली. ती आमच्या स्वयंपाकघरात बसली आणि तिचा निर्णय साफ चुकला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मला कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली होती. नागपूरहून रोज बसनं जायचो, खिडकीशी बसायचो, आणि संध्याकाळी आई माझं डोकं झटकून भांडी घासायची राख भरून घ्यायची. (आमच्याकडे राख विकत कधी आणली नाही!) रविवारी वर्ध्याला मुलगी पाहायला जायचं होतं. तिला माझा फोटो आधीच पसंत होता, आणि फोटोत केस भलतेच देखणे आले होते. आता तेच केस प्रत्यक्ष दाखवायचे होते.

गुरुवारी आईनं साप्ताहिकातलं मोठ्यानं वाचलं, "केसांचे प्रकार तीन. कोरडे, तेलकट आणि मिश्र. तुये तं कोरडेच दिसते!"

बाबांनी माझ्या डोक्यात बोटं घातली. "कोरडे? अवं, कढईत हात घातल्यावानी वाटून राह्यलं! तेलकट हाय."

(ते तेल सकाळी आईनंच थापलं होतं, पण बैठकीत हा मुद्दा निघाला नाही.)

"मंग शिकेकाई आना जी."

"शिकेकाई काहून? धुण्याचा सोडा लाव. कढई निघते तं डोकं काहून नाही निघनार?"

डोकं निघालं. केस चहूबाजूंनी उभे राहिले, त्यात घातलेला कंगवा परत येईना, आणि दारात काथ्या कोणी टाकला म्हणून शेजारच्या काकू ओरडल्या. तो काथ्या मी होतो.

बाबांनी वर्ध्याला तार केली. तार लिहिताना क्रियापद म्हणजे ते चैन समजत. शिवाय सोड्याचं नाव घ्यायची लाज, म्हणून खापर कोराडीवर! तार गेली: 'केस कोराडीत खराब. कार्यक्रम पुढे.'

मुलीचे वडील कोर्टात नाझर. त्यांच्या लेखी 'केस' या शब्दाला एकच अर्थ होता. (डोक्यावर एकही नसल्यामुळे दुसऱ्याशी संबंध उरला नव्हता.) दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात हजर! मी दुपट्ट्यात डोकं गुंडाळून कोपऱ्यात बसलो.

"लपवू नका जी," नाझर म्हणाले. "प्रकार कोनता?"

"मिश्र!" आई म्हणाली. आता तिनं साप्ताहिक नीट वाचलं होतं.

"दिवानी अन् फौजदारी, दोन्ही!" नाझर स्वतःशीच पुटपुटले. "कोनाचा हात हाय यात?"

आईनं बाबांकडे बोट केलं. "यायचाच! यायनंच 'सोडा' म्हटलं."

"'सोडा' म्हटल्यानं सुटते काय कोनी?" नाझर चिडले. "आता काय परिस्थिती हाय?"

"फाटे फुटले जी."

"फुटनारच! बाकीचे तरी टिकून हायेत ना?"

"कायचे टिकते! रोज मूठभर गळून राह्यले."

नाझरांनी कपाळाला हात लावला. सबंध नोकरीत त्यांनी रोज मूठभर साक्षीदार गळताना पाहिले नव्हते.

"कागदं दाखवा," ते म्हणाले.

"कागदं कायले? डोकंच पाहा!" म्हणत आईनं माझा दुपट्टा ओढला.

नाझर पुढे झाले. मग त्यांनी खिशातून तार काढली, वाचली, पुन्हा माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"कोर्टाची केस असती तं वकील करून देल्ला असता," ते हळूच म्हणाले. "याले काय देऊ? या रविवारी. दुपट्टा बांधून या."

लग्न झालं. मुलगी आपल्या फोटोतल्या केसांवर भाळली, या समजुतीत मी काही वर्षं छाती काढून फिरलो. मग एका दुपारी बायकोला विचारलंच.

"काहीतरीच तुमचं!" ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तार आली तवा आमचे बाबा नाहीच म्हनून राह्यले होते. मीच म्हटलं, जाऊन तं या. म्हटलं, मारामारीची केस असन, म्हंजे मानसात काही दम असन."

तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

"अन् निघाला काय, तं धुण्याचा सोडा!"