बर्फावरचे टायर

होडी धक्क्याला लावली की तिच्या कडेला बांधलेले जुने टायर दगडावर घासतात आणि तापलेल्या रबराचा वास येतो. आज खांदे इतके भरून आले होते की मी तिथंच बसून राहिलो.

हे टायर माझ्या मोटरसायकलचे. हिमालयात, स्पितीच्या बर्फात जायचं म्हणून घेतलेले. खोल खाचांचे घ्यावेत की मऊ रबराचे, दुकानात माझं ठरेना. बाबांनी दोन्हींवर अंगठा दाबून पाहिला. "ह्यो मऊ घे. थंडीत दगड होणार नाय." त्यांना बर्फ ठाऊक होता तो मासळीच्या पेटीतला.

टायर बसवले त्या दिवशी बाबा समुद्रावरून आले ते उरलेल्या बर्फाची पेटी डोक्यावर घेऊनच. धक्क्याच्या उतारावर ओतून म्हणाले, "विरघळायच्या आत चालवून बघ." मी घसरत होतो, ते मागून गाडी धरून धावत होते. मला नुसतं हसू येत होतं. समुद्रावरून आलेल्या माणसाच्या पायात किती जीव उरतो, ते आता कळतं.

"पडायचं तर हितंच पडून घे," ते धापा टाकत म्हणाले, "तिकडं उचलायला मी नाय."

त्याच हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं आणि होडी माझ्याकडे आली. तिकडं मी गेलोच नाही. आणि हितं उचलायला आता ते नाहीत.