खोरशेदमायच्या चिकूचं कलम

खोरशेदमाय बोलायला लागली की वाडीतले कावळेसुद्धा गप्प बसायचे. "अरे चिंधू! तू माळी हाय का लाटसाहेब? गुलाबला पानी दिला? मोठ्याने बोल, माझा कान मी भाड्याने दिला हाय!" ही नक्कल न येणारं पोर तारापुरात शोधून सापडलं नसतं. चिंधूची नक्कल मात्र कुणालाच जमायची नाही. करणार कशाची? 'हाय' आणि 'नाय' एवढ्यावर त्याने त्या बागेत चाळीस वर्षं काढली होती.

बंगला मायच्या पारशी सासऱ्याने सागाच्या व्यापारावर बांधलेला. ज्या डोंगरातून साग आला, त्याच डोंगरातून चिंधूचा बापही आला, बागेला पाणी शेंदायला. समोर कारंजं होतं, त्यात संगमरवरी मासा. माशाच्या तोंडातून पाणी यायचं कधीच थांबलेलं. आता तिथून बेडूक डोकवायचा. मागे चिकूच्या रांगा, आणि विहिरीजवळ एकटा एक चिकू, मायच्या नवऱ्याने, शेठनी, लग्नाच्या दिवशी लावलेला. शेठ गेले तरी माय रोज सकाळी त्या झाडाशी भांडायची.

सहासष्ट साली वीजकेंद्राच्या कामावर माणसं लोटली, खोल्या मिळेनात. वाडी एका कंत्राटदाराने घेतली, चाळी बांधायला. मायने मुंबईला भाच्याकडे जायचं ठरवलं.

"चिंधू, मला हा झाड पायजे."

"झाड नाय येत, माय."

"तर त्याचा पोरगा दे!"

पोरगा म्हणजे कलम. चिंधूने कुंडीत खिरणीचं रोप घेतलं. खिरणी ही चिकूची रानातली बहीण, मुळं तिची चिवट. झाडाला लागून मचाण बांधलं, कुंडी वर चढवली, खिरणीची साल आणि चिकूच्या फांदीची साल तासून एकमेकींना भिडवली आणि सुतळीने घट्ट बांधली. फांदी अजून आईच्याच अंगावर. तीन महिने असंच ठेवायचं, जीव जुळला की आईपासून कापायची. माय रोज खालून ओरडायची, "जुळला काय रे?" वरून उत्तर यायचं, "नाय."

दसऱ्याला उत्तर आलं, "हाय."

"मग काप!"

"वाघबारस होऊ दे."

चिंधूच्या घरात दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला वाघदेवाला नारळ दिल्याशिवाय फळाच्या झाडाला कोयती लावत नसत. बापाने लावली नाही, आज्याने लावली नाही.

"अरे, मला झाड पायजे, वाघ नाय पायजे!" माय हसून हसून खोकली. पण थांबली. झाडं दिवाळीनंतर तोडणार, असा कंत्राटदाराचा शब्द होता.

बायको भागीला घेऊन चिंधू पाड्यावर गेला. वाघदेवाला नारळ दिला, दुसऱ्या दिवशी कोयतीला धार लावून परत आला. वाडीच्या फाटकातूनच त्याला समुद्र दिसला. तो तिथून कधी दिसत नसे.

"हम क्या करें, बाबा?" झाडं तोडणाऱ्यांचा मुकादम बिडी झटकत म्हणाला. "ठेकेदार सेठ बोला, जल्दी करो."

बंगल्याच्या मागच्या खिडक्या मायने लावून घेतल्या होत्या. विहिरीजवळचा चिकू आडवा पडला होता, मचाण त्याच्याखाली. कुंडीचे तुकडे झालेले. खिरणी जगली होती. सांध्यातून चिकूची फांदी उपसून निघाली होती आणि सुतळी तशीच लोंबत होती.

चिंधूने ती नुसती खिरणी, चिकू कधीच न धरणारी, दुसऱ्या कुंडीत लावली. मायला सांगायचंच, असं ठरवून मायच्या निघायच्या दिवशी तो टांग्यापाशी गेला. भागीने विचारलं, "काय सांगशील?" त्याने कुंडी उचलून टांग्यात दिली. मायने कुंडी मांडीवर घेतली, पानावरून बोट फिरवलं. "जो तो, केवो लीलो छे," बघ तरी कसा हिरवा आहे, असं ती आपल्या गुजरातीत म्हणाली. आज तिचा आवाज टांगेवाल्यालाही ऐकू गेला नाही. चिंधू तोंड उघडून उभा राहिला. टांगा हलला.

पुढच्या पावसाळ्यात मायचं कार्ड आलं, मराठी तिचीच, अक्षरं गुजराती. कमलाकांत मास्तरांना गुजराती वाचता येई. त्यांनी पाढे म्हणावेत तशा आवाजात वाचलं: "चिंधू, तुझा पोरगा मजेत हाय. नवीन पान आला. भाचा बोलते, चिकू कधी खायचा? मी बोलली, चिंधूला विचार."

चिंधूने कार्ड पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

"उत्तर काय लिहू?" मास्तरांनी दौत उघडली.

"लिवा, पानी जास्त घालू नको."

"तुझ्या चिकूला... पाणी..." मास्तर बोलत बोलत लिहू लागले.

चिंधूने त्यांचा हात धरला.

"चिकू नका लिवू, मास्तर. झाड लिवा."