हात दिसले पाहिजेत

आईचं तेरावं झालं त्याच दुपारी मुंबईच्या दादाने विषय काढला. म्हशी विकायच्या आणि धाकट्याला मुंबईला न्यायचं.

धाकटा म्हणजे माझा लहान भाऊ. जन्मापासून बहिरा, बोलताही येत नाही. पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं गाव, तिथे तो आणि आई असे दोघंच राहायचे. मी लग्न होऊन महाडात आले, घरी ब्लाउज शिवते. दादा मिसरूड फुटायच्या आधीच मुंबईला गेला, त्यामुळे त्याला धाकट्याच्या जेवायच्या-झोपायच्या खुणा तेवढ्या कळतात. बाकी सगळ्या खुणा आईला यायच्या आणि मला येतात.

"इकडे काय झालं तर हा सांगणार कसा?" दादा म्हणाला. "टेन्शन कशाला पाहिजे गो? माझ्या रूमवर राहील."

धाकट्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तो काय आंधळा आहे? दादाने म्हशींकडे हात केलेला त्याने पाहिला, उठून गोठ्यात गेला आणि जेवायलाही आला नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "त्याला मी फोन घेऊन देते. व्हिडिओवर खुणा करील, मी रोज बोलेन." दादा हसला. मग म्हणाला, एक महिना बघू. पण लागोपाठ दोन दिवस कॉल उचलला नाही, तर मी त्याला न्यायला गाडी घेऊन येणार.

दुसऱ्या आठवड्यात धाकट्याला एसटीने महाडला बोलावला आणि बाजारातल्या दुकानात नेला. दुकानदार माझ्याच वयाचा. स्वस्तातला म्हटल्यावर त्याने चार फोन मांडले आणि सुरू झाला: रॅम, मेगापिक्सेल, गेम.

"स्पीकर तर असला आहे ताई, गल्लीत ऐकू जाईल."

"याला ऐकू येत नाही."

"मग फोन कशाला?"

"तुम्हाला दोन कान आहेत, त्यांचा तरी काय उपयोग होतोय?" मी म्हटलं. "बोलताना याचे हात दिसले पाहिजेत. तसा दाखवा."

बिचारा वरमला, पण त्यानंतर मनापासून कामाला लागला. एकेक फोन धाकट्याच्या खिशात घालायचा आणि मी रिंग द्यायची. पहिला थरथरला तरी हा ढिम्म. दुसऱ्याला असा उडाला, जसा काही खिशात विंचू शिरलाय. मग मी रस्त्यापलीकडे रसवंतीपाशी उभी राहिले आणि व्हिडिओ लावला. महागातला फोन छान दिसणारा, पण धाकट्याने हात भरभर हलवले की नुसता धूर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्या विंचवासारख्या थरथरणाऱ्या फोनमध्ये चित्र जरा फिकट यायचं, बोटं मात्र मोजता येत होती. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून तोच घेतला.

पहिले चार दिवस नुसती शोभा. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की फोन धरायला एक हात लागतो आणि याला बोलायला दोन. एका हाताने तो अर्धंच बोलायचा, मी भलताच अर्थ लावायचे, तो चिडायचा. घरात अंधार, तिथून नुसती सावली दिसे. पडवीत उजेड आणि रेंज दोन्ही, पण मध्येच चित्र गोठे. एकदा तो म्हशीची शिंगं दाखवताना तसाच अडकला, पाच मिनिटं डोक्यावर हात घेऊन. मी एकटीच हसत सुटले.

पाचव्या दिवशी बघते तर फोन स्थिर आणि हा डोक्यापासून कमरेपर्यंत सगळा दिसतोय. पडवीच्या खांबाला त्याने बांबूच्या कामट्यांची खोबण बांधली होती आणि फोन तिच्यात बसवला होता. दोन्ही हात मोकळे. मग काय विचारता! कोणाच्या बैलाने कोणाचा वाल खाल्ला, ग्रामपंचायतीत कोण कोणावर धावून गेलं, सगळा गाव मला महाडात बसून कळायला लागला. मी दादाला सांगितलं, फोन चांगला निघाला.

अठराव्या दिवशी सकाळी मी सहज कॉल लावला. धाकटा समोर बसला आणि त्याने नाकाशी बोट नेलं. नथ म्हणजे आई. मग छाती दाबून धरली. तो आईच्या शेवटच्या सकाळचं सांगत होता. तेरा दिवस आम्ही त्याला जेव, झोप, रडू नको एवढंच सांगितलं. काय झालं, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. शेजारची वहिनी म्हणाली झोपेत गेल्या, तेच आम्ही धरून चाललो.

झोपेत गेली नव्हती. तिने चहा मागितला, तो बशीत तसाच राहिला. छाती धरून खाली बसली आणि तिने वेणी ओढल्याची खूण केली. वेणी म्हणजे मी. हा शेजारी धावला, तिथे कुलूप. मग त्याने आईचा बटणांचा फोन घेतला, ती दाबायची तसं हिरवं बटण दोनदा दाबलं, आणि फोन तोंडाशी धरून ओरडला. खूप ओरडला. एवढं सांगून त्याने मला विचारलं, तुला ऐकू गेलं होतं का?

गेलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या सकाळी आईच्या नंबरवरून कॉल आला आणि आत नुसतं त्याचं आ-आ. तो कधीमधी गंमत म्हणून बटणं दाबायचा. माझ्याकडे लग्नघरचे ब्लाउज द्यायचे राहिले होते. "आईकडे दे फोन!" म्हणून मी त्या बहिऱ्यावर खेकसले आणि कट केला. तासाभराने वहिनीचा फोन आला.

खोटं सांगता आलं असतं. पण तो टक लावून माझ्याकडे बघत होता. मी कानाला हात लावला, रागाचे डोळे केले, हात झटकून दाखवला. ऐकलं, चिडले, टाकून दिला.

तो हललाच नाही. मला वाटलं चित्र गोठलं. पण मागे म्हशीची शेपटी हलत होती. मग त्याने हात पुढे केला आणि कॉल बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्याने उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी वहिनीला फोन केला.

"बरा हाय गो, आताच म्हशी घेऊन गेला," ती म्हणाली. "मगाशी त्याचा फोन थरथरत व्हता, तुजा हाय म्हणून दावला, तर हात झटकून गेला. भांडलात काय?"

मशीनवर डोकं ठेवून मी पोटभर रडले.

संध्याकाळी दादाचा फोन. "काय गो, चालतो ना फोन बरोबर? उचलतो ना रोज?"

"चालतो. सगळं स्पष्ट दिसतं."

"काल उचलला?"

"काल उचलला. आजही उचलला," मी सांगितलं. माझ्यावर रागवायचा त्याला हक्क आहे, आणि तो त्याने स्वतःच्या पडवीत बसून बजावावा.