भगवंतची कटिंग

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी सातलाच भगवंत दारात उभा. पिंपरी पेंढारमधला माझा शेजारी, वय त्रेचाळीस. सोळा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात पत्रे कापायच्या मशीनवर होता. दिवाळीआधी दीडशे जणांना काढलं, त्यात हाही.

"बाई, जुन्नरला सरकारी रोजगार मेळावा हाय. फॉर्म इंग्रजीत भरून द्या. नोकरी नाय लागली तर गेणूदादाची मेंढरं वळायची."

त्याचा थोरला भाऊ गेणू रोज पारावरून विचारायचा, "काय साहेब, घेताय का काठी हातात?" ती काठी भगवंतला मरेपर्यंत नको होती.

मी शाईचं पेन काढलं. लहानपणी कॉन्व्हेंटात नन्सनी गिरवून घेतलेल्या वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलं: शीट कटिंग, मशीनवर, सोळा वर्षं. सेवा केंद्रातल्या रत्नाने तो कागद बघून फॉर्म ऑनलाइन भरला.

मेळाव्याला मीही गेले. भगवंतचं नाव पुकारलं ते थेट मेंढीपालनाच्या टेबलावर.

"सोळा वर्षं मशीननं मेंढ्या कातरताय?" अधिकारी उठून उभेच राहिले. "अहो, होतात कुठं तुम्ही?"

भगवंतने माझ्याकडे पाहिलं, मी फॉर्मकडे. माझा वळणदार 'टी' रत्नाने 'पी' वाचला होता. शीटचं शीप झालं होतं! मी रुमाल तोंडात कोंबला, तरी हसू नाकातून बाहेर आलं.

"साहेब, ते पत्रं व्हतं," भगवंत कानकोंडा होऊन म्हणाला. "मेंढरं ल्हानपणी कातरली, ती हातकातरीनं."

"मग हे लोकर कातरायचं मशीन का अडतंय, तेवढं तरी बघा. आठवडाभर कुणाला जमत नाही."

भगवंतने मशीन खोललं. "पातं उलटं बसवलंय, राव!" पातं फिरवलं, प्रात्यक्षिकासाठी आणलेली मेंढी गुडघ्यात धरली, आणि लोकर गोधडीसारखी सलग उतरली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारली असती, पण कवळी नवी आहे.

तिथल्या तिथे प्रशिक्षक म्हणून वर्षभराची नेमणूक! येताना एसटीत आम्ही दोघं नारायणगावापर्यंत हसत होतो. कंडक्टरने दोनदा विचारलं, "आजी, बरं वाटतंय ना?"

२४ तारखेला पहिला वर्ग. मशीन सवलतीत मिळणार म्हणून गेणूने सगळ्यांत आधी नाव घातलेलं. तो मेंढी कवेत घेऊन उभा.

"भगवंता, बटन कंचं दाबू रं?"

"आधी सर म्हणायचं, दादा."

गेणूने तोंड फिरवलं. मेंढी मात्र लगेच "ब्यॅ" म्हणाली.

"बघा," भगवंत म्हणाला, "ती शिकली!"